ड्रॅगनचा प्रत्येक तिबेटी अंगरखा सम्राटाचा नव्हे

तिबेटी उमरावांच्या जुन्या रेशमी चुब्यावर, म्हणजे कमरपट्ट्याने बांधायच्या लांब अंगरख्यावर, पाच नखांचा ड्रॅगन दिसला की तो चिनी सम्राटाने अंगावर घातलेला पोशाख असावा, असे सर्रास सांगितले जाते. हा समज चुकीचा आहे. चीनच्या छिंग राजवटीत (१६४४–१९१२) पाच नखांचा ड्रॅगन राजपुत्रांच्या पोशाखावरही असे. सम्राटाची खरी खूण म्हणजे सूर्य, चंद्र, तारे, कुऱ्हाड अशी बारा चिन्हे, जी १७५९च्या पोशाख-नियमांनी त्याच्यासाठी ठरवून दिली होती.

शिवाय यांतले बरेच चुबे दरबारी पोशाख म्हणून शिवलेलेच नव्हते. छिंग आणि त्यांच्या आधीच्या मिंग दरबारांकडून तिबेटला भेट म्हणून रेशमी ताग्यांचे आणि पोशाखांचे नजराणे जात, आणि तिथले शिंपी ते कापड फाडून आपल्या घेराचा, आडव्या पदराचा चुबा बेतत. शिवणीपाशी नीट पाहिले की हे लगेच कळते: ड्रॅगनचे शेपूट मध्येच तुटते, तळाच्या तिरप्या लाटांचे पट्टे जुळत नाहीत, बाहीला वेगळ्याच कापडाचा जोड असतो. संग्राहकांना हे जोडकाम दोष वाटते; माझ्या मते तोच त्या वस्त्राचा सर्वांत बोलका भाग आहे.

सगळे रेशीम चीनचेच, हेही खरे नाही. वाराणसीच्या विणकरांनी तिबेटी मठांसाठी ‘ग्यासर’ नावाचा जरीचा किनखाब विणला, आणि तो आजही विणला जातो.