हायटेन्शन तारांमुळे ब्लूटूथ तुटत नाही

हायटेन्शन तारांखाली ब्लूटूथ इअरफोनचा आवाज तुटला की खापर हमखास तारांवर फुटतं. वर्षानुवर्षं चालत आलेला हा समज चुकीचा आहे. आपल्याकडच्या विजेची सेकंदाला 50 आवर्तनं होतात, ब्लूटूथच्या लहरींची सुमारे 240 कोटी! इतक्या फरकामुळे तारांचं क्षेत्र इअरफोनच्या अँटेनाला जवळपास जाणवतच नाही. तारांभोवतीच्या विद्युतस्रावाचा (तारेतून हवेत झिरपणाऱ्या विजेचा) गोंगाट प्रामुख्याने कमी फ्रिक्वेन्सीवर असतो. मीडियम वेव्ह रेडिओ तिथे खरखरतो तो त्यामुळे, आणि हा समज बहुधा तिथूनच आला असावा.

खरा अडथळा बहुतेकदा आपलं शरीर असतं. त्यातलं पाणी या लहरी शोषून घेतं. घरात लहरी भिंतींवर आपटून, वळसा घालून कानापर्यंत पोचतात. तारांचे मनोरे असतात त्या उघड्या माळावर भिंती कुठून आणायच्या? मागच्या खिशातला फोन शर्टाच्या खिशात ठेवून बघा, बहुतेक वेळा आवाज सलग येतो.

घरातला मायक्रोवेव्ह ओव्हन मात्र खरोखर त्रास देतो, कारण तो 2.45 गिगाहर्ट्झवर (सेकंदाला 245 कोटी आवर्तनं), म्हणजे ब्लूटूथच्याच पट्ट्यात चालतो. 2.4 गिगाहर्ट्झवर चालणारं वाय-फायही असाच त्रास देतं. राऊटर 5 गिगाहर्ट्झवर नेला की तो त्रास मिटतो.