डच आणि कोल्म : दोन म्होरक्यांच्या वैराची पार्श्वभूमी

(कथा पूर्ण खेळून झाली नसेल तर पुढे वाचू नका. शेवटापर्यंतचं सगळं इथे आहे.)

‘रेड डेड रिडेम्प्शन २’ हा अमेरिकेतल्या दरोडेखोर टोळ्यांवरचा व्हिडिओ गेम. त्यात आपण डच व्हॅन डर लिंडेच्या टोळीतला आर्थर म्हणून खेळतो. खेळणाऱ्या बहुतेकांना दुसऱ्या टोळीचा म्होरक्या कोल्म ओड्रिस्कॉल म्हणजे डचचा साधा शत्रू वाटतो. मध्येमध्ये हल्ला करायला त्याची माणसं येतात, आपण त्यांना उडवतो, विषय संपला. २०१० साली आलेल्या पहिल्या गेममध्ये तर कोल्म नव्हताच. तिथे आपल्याला १९११ मधला डच भेटतो, पुरता बिघडलेला. २०१८ च्या गेमने कथा मागे, १८९९ वर नेली आणि एक जुनी अडचण सोडवायला घेतली: हा माणूस कधीकाळी चांगला होता, हे खेळणाऱ्याला पटवायचं कसं? त्यासाठी शेजारी त्याच्याहून वाईट माणूस उभा करावा लागला. तो कोल्म.

वैराचं मूळ गेममध्ये दाखवलेलं नाही, फक्त सांगितलेलं आहे. डचने कोल्मच्या भावाला मारलं. कोल्मने बदल्यात डचच्या प्रेयसीला, अ‍ॅनाबेलला मारलं. पहिल्या चॅप्टरमध्ये बर्फातून ओड्रिस्कॉलांच्या तळाकडे जाताना हे घोड्यावरच्या गप्पांत निघतं आणि तिथेच ते अनेकांच्या हातून निसटतं. कारण साधं आहे: घोडा पुढे दामटला किंवा फार मागे राहिला की संवाद तुटतो. सिनेमॅटिक कॅमेरा लावून धावण्याचं बटण दाबून ठेवलं तर घोडा सोबत्यांबरोबर आपोआप चालतो आणि कान मोकळे राहतात. नीट ऐकलं तर एक गोष्ट लक्षात येते. पहिला खून डचच्या बाजूने झालेला आहे, पण डच हे वैर सांगतो ते आपणच अन्याय सोसल्यासारखं.

काळही मुद्दाम निवडलेला. १८९० च्या जनगणनेनंतर अमेरिकेत ‘सीमारेषा’ (वस्ती झालेला आणि न झालेला मुलूख यांमधली हद्द) उरली नसल्याचं सरकारने जाहीर केलं होतं. २ जून १८९९ रोजी वायोमिंगमधल्या विलकॉक्सजवळ युनियन पॅसिफिकची गाडी लुटली गेली आणि पिंकर्टन या खऱ्या खासगी गुप्तहेर कंपनीची माणसं दरोडेखोरांच्या मागे लागली. गेममध्ये डचच्या मागावर असलेले मिल्टन आणि रॉस याच कंपनीची माणसं. (खऱ्या कंपनीने गेम आल्यावर नावाच्या वापराला हरकत घेतली, प्रकरण कोर्टात गेलं आणि एप्रिल २०१९ मध्ये मिटलं.) टोळ्यांचे दिवस भरत आलेत हे दोघा म्होरक्यांना कळतं. वागतात मात्र दोघं दोन तऱ्हांनी.

डचच्या तंबूत ग्रामोफोन, हातात पुस्तक, बोटांत अंगठ्या. त्याच्या तळावर बायका आहेत, एक लहान मूल आहे, वर्गणीची पेटी आणि हिशोबाची वही आहे. कोल्मकडे यातलं काही नाही. कपडे मळके, दाढी पिकलेली, माणसं धाकाने धरून ठेवलेली. आपण तरी फरक एवढाच धरून चालतो. मग कीरन डफी येतो. ओड्रिस्कॉलांचा हा घाबरट पोरगा डचच्या तळावर झाडाला बांधून उपाशी ठेवला जातो आणि शेवटी घोडे खच्ची करायचा तापवलेला चिमटा दाखवून त्याला बोलतं केलं जातं. हे करणारी आपली ‘चांगली’ टोळी! चौथ्या चॅप्टरमध्ये ओड्रिस्कॉल त्याच कीरनला मारून त्याचं धड घोड्यावर बसवून परत पाठवतात, मुंडकं त्याच्याच हातांत दिलेलं.

माझ्या मते दोघांना मोजायची खरी फूटपट्टी एकच: आपला माणूस अडकला की म्होरक्या काय करतो? डचचं नाव यावरच उभं होतं. टोळीतल्या जॉनला डोंगरातून आणलं, शॉनला ब्लॅकवॉटर गावाजवळून सोडवलं. कोल्मलाही हे ठाऊक होतं. म्हणून तिसऱ्या चॅप्टरमध्ये तहाची बोलणी लावून तो पहाऱ्यावरच्या आर्थरला पकडतो, खांद्यात गोळी, तळघरात उलटा टांगलेला. बेत सोपा: डच सोडवायला येईल, तेव्हा अख्खी टोळी कायद्याच्या हवाली करायची. बेत फसतो तो डच येतच नाही म्हणून. आर्थर कानशीने बेड्या सोडवतो, जखमेत बंदुकीची दारू जाळून रक्त थांबवतो आणि एकटा परततो. शत्रूचा डचवर जितका विश्वास होता, तितका ठेवायला डच लायक उरला नव्हता.

सहाव्या चॅप्टरमध्ये हीच गाठ उलटी बसते. सेंट डेनिसमध्ये कोल्म फासावर उभा आहे, निर्धास्त. आपली माणसं सोडवतील याची त्याला खात्री. आर्थर छतावरच्या नेमबाजाला गाठतो, डच आणि त्याच्या टोळीतली सेडी अ‍ॅडलर गर्दीतल्या कोल्मच्या माणसांना रोखतात. कोल्मची नजर माणसं शोधत फिरते आणि डचवर थांबते. मग खालची फळी सरकते. सेडीचा नवरा जेक कोल्मच्याच टोळीने मारला होता, त्यामुळे हा सूड तिचा जास्त, डचचा कमी.

त्याच सुमारास जॉन सिसिकाच्या तुरुंगात असतो. डच ‘आत्ता नाही’ म्हणत राहतो. जॉनला सोडवून आणतात आर्थर आणि सेडी, आणि डच त्यांच्यावरच चिडतो. पुढे तेलाच्या कारखान्यात आर्थर त्याच्या डोळ्यांदेखत मरायला टेकतो, तर हा पाठ फिरवून निघून जातो. आता शेजारी कोल्म नाही, त्यामुळे डच कुणापेक्षा बरा, हे म्हणायची सोय संपलेली.

१९११ मध्ये कोचिनेच्या कड्यावर डचला गाठायला सरकार ज्याला पाठवतं तो जॉनच. डच स्वतःहून खाली उडी घेतो. आता सरकारी अधिकारी झालेला रॉस प्रेतापाशी येतो, जॉनचं पिस्तूल मागून घेतो आणि अहवालात बरं दिसावं म्हणून प्रेतावर गोळी झाडतो.