खाली दुकानं, वर खोल्या: एवढ्याने वस्ती चालण्याजोगी होत नाही

विद्यापीठाशेजारच्या जुन्या वस्तीच्या पुनर्विकासाचा आराखडा आला की ‘मिश्र वापर’ आणि ‘पादचारीस्नेही’ हे शब्द जोडीनेच येतात. जणू एक केलं की दुसरं आपोआप झालं. तसं होत नाही, आणि हा घोळ मला खरोखर खुपतो. त्याचा त्रास रोज चालणाऱ्या मुलामुलींना होतो.

मिश्र वापर सगळ्यांना ठाऊक आहे: तळमजल्यावर दुकानं, वर वसतिगृह किंवा घरं, एखादी अभ्यासिका. तो इमारतीच्या नकाशात ठरतो. वस्ती चालण्याजोगी आहे की नाही, हे मात्र दोन इमारतींच्या मधल्या जागेत ठरतं.

समजा, वसतिगृहाच्या खिडकीतून ग्रंथालय दिसतंय. सरळ रेषेत २०० मीटर. माणूस मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो, म्हणजे अडीच मिनिटं. पण मध्ये सलग कुंपणभिंत, आणि फाटक एकच, तेही पलीकडच्या हमरस्त्यावर. वळसा ८०० मीटरचा पडला की दहा मिनिटं लागतात. दुकानं तेवढीच आहेत, कागदोपत्री मिश्र वापरही आहे. मुलगी मात्र रात्री अकराला त्या भिंतीच्या कडेने एकटी येते. म्हणून नकाशा हातात आला की मी आधी फाटकं मोजते, मग दोन गल्ल्यांमधलं अंतर बघते. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या मध्यभागी इमारतींच्या एका चौकोनाची बाजू जेमतेम ६१ मीटर आहे. मिनिटभर चाललं की वळायला नवी वाट मिळते. शहरांच्या रचनेवर लिहिणाऱ्या अमेरिकी लेखिका जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये जिवंत वस्तीच्या चार अटी मांडल्या, त्यांत मिश्र वापर आणि जवळजवळच्या गल्ल्या या दोन वेगळ्या अटी आहेत. गल्ल्या लांब लांब असल्या तर शेजारच्या दोन रस्त्यांवरची माणसं एकमेकांच्या वाटेत येतच नाहीत, मग मिश्रण होणार कुठे?

दुकानांचं तोंडही रस्त्याकडेच हवं. तळाला वाहनतळ आणि दुकानं आतल्या चौकात, ही रचना मला अजिबात मान्य नाही. चाळीस मीटरच्या एका बंद काचेपेक्षा सहा छोटी दारं केव्हाही बरी. फरशीचा रंग, बाकांचा आकार यांवर बैठका घालवू नयेत.

आणि काही जुन्या इमारती राहू द्या. तीही जेकब्ज यांच्या चार अटींपैकीच एक. नव्या इमारतीतलं भाडं झेरॉक्सवाल्याला परवडत नाही, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री सगळ्यांना त्याच्याचकडे जायचं असतं.