फोर्ज्ड की फ्लो-फोर्ज्ड? जुने अलॉय विकण्याआधी हे तपासा

स्पोर्ट्स कारचे जुने अलॉय, म्हणजे अलॉय व्हील, विकायला काढताना 'फोर्ज्ड' असं लिहिलं की भाव चढतो. पण त्यातले बरेच सेट फ्लो-फोर्ज्ड, म्हणजेच फ्लो-फॉर्म्ड असतात. हे दोन्ही प्रकार चांगले आहेत, पण एक नाहीत.

फ्लो-फॉर्म्ड व्हील आधी साच्यात ओतलं जातं. मग ते तापवून, फिरवत ठेवून, त्याच्या बॅरलवर, म्हणजे टायर बसतो त्या गोल भागावर, रोलर दाबतात. धातू ताणला जातो, बॅरल पातळ आणि मजबूत होतं. स्पोक आणि मधला हब मात्र ओतीवच राहतात. एन्केई या व्हील कंपनीचं आरपीएफ१ याच पद्धतीचं. एन्केई तिला 'मॅट' म्हणते. बीबीएस या दुसऱ्या कंपनीचं सीएच-आरही फ्लो-फॉर्म्डच.

फोर्ज्ड व्हीलमध्ये ओतकाम नसतं. अ‍ॅल्युमिनियमचा घन ठोकळा हजारो टनांच्या प्रेसखाली दाबून आकार देतात आणि उरलेलं मशीनवर कोरून काढतात. धातूचे कण दाट बसतात, ओतकामातली बारीक छिद्रं राहत नाहीत, म्हणून स्पोकसुद्धा सडपातळ ठेवता येतात. रेज या जपानी कंपनीचं टीई३७ हे याचं नावाजलेलं उदाहरण. ते १९९६ मध्ये आलं आणि त्याच्या १५ इंची, ६जे (६ इंच रुंद) मापाचं वजन ३.७ किलो, त्यावरून नावातला ३७. हलक्या चाकाचा फायदा गाडी वळवताना आणि ब्रेक लावताना कळतो, म्हणूनच ट्रॅकवर जाणारी मंडळी जुन्या फोर्ज्ड सेटलाही चांगली किंमत देतात.

घोटाळा होतो तो शिक्क्यांमुळे. व्हीलच्या मागे 'जेडब्ल्यूएल' दिसलं की विकणारा ते फोर्जिंगचा पुरावा म्हणून दाखवतो. जेडब्ल्यूएल हे जपानचं सुरक्षा मानक आहे. ओतीव व्हीललाही ते मिळतं. 'टी६' ही उष्णता-प्रक्रियेची खूण, तीही दोन्हींवर असते. नुसत्या नजरेवरही विसंबू नये. टायर उतरवून आतल्या बाजूचं मॉडेलचं नाव, माप आणि ऑफसेट (चाकाच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या बाजूचं अंतर) वाचा, कंपनीच्या कॅटलॉगशी जुळवा आणि व्हील काट्यावर ठेवा. कॅटलॉगच्या वजनापेक्षा किलो-दीड किलो जास्त भरलं, तर नक्कल असल्याची शंका घ्यावी. जाहिरातीत हे वजन आणि मागच्या बाजूचा फोटो टाकलात तर घासाघीस निम्म्यावर येते.

आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांचा प्रश्न आहेच. मोठा दणका बसला तर फोर्ज्ड व्हील बहुधा वाकतं; ओतीव भागाला तडा जाण्याची शक्यता जास्त. फ्लो-फॉर्म्डमध्ये बॅरल तगून गेलं तरी तडा स्पोकच्या मुळाशी असू शकतो, म्हणून तिथे बोट फिरवून, टॉर्च मारून पाहा. बॅलन्सिंग मशीनवर फिरवलं की वाकलेलं लगेच दिसतं, पण बारीक तडा त्यात दिसेलच असं नाही.

टायरसकट विकत असाल तर टायरच्या साइडवॉलवरच्या (बाजूवरच्या) 'डीओटी' कोडचे शेवटचे चार आकडे, म्हणजे टायर कधी बनला ते, लिहा: २३२१ म्हणजे २०२१ चा २३वा आठवडा.

गॅस वेल्डिंगने जोडलेला किंवा तापवून सरळ केलेला स्पोक असेल तर प्रकार कुठलाही असो, त्या उष्णतेने टी६ची कडकपणाची प्रक्रिया तिथे बिघडलेली असते. असं व्हील गाडीसाठी विकू नये, भंगारात द्यावं.