बूट लोडर दुरुस्ती (सिस्टम दुसऱ्या डिस्कवर हलवल्यावर)

बूट लोडर म्हणजे कॉम्प्युटर चालू केल्यावर विंडोज किंवा लिनक्स मेमरीत चढवणारा छोटा प्रोग्राम. जुन्या हार्ड डिस्कवरची सिस्टम एसएसडीवर हलवताना बऱ्याचदा हाच मागं राहतो, मग डेटा सगळा शाबूत असूनही मशीन काही चालू होत नाही आणि कुणीतरी लगेच सांगतो, फॉरमॅट मार. गरज नसते हो.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या डीटीपीवाल्याला तर ते परवडतच नाही. एकाच मशीनवर मराठी पत्रिकेला श्रीलिपी, कन्नड अर्जांना नुडी (दोन्ही टायपिंगची सॉफ्टवेअरं), वर डिझाइनला कोरल आणि हिशेबाला टॅली, हे सगळं ऐन लग्नसराईत परत कोण टाकत बसणार?

आधी बघायचं ते मशीन जुन्या बायोसवर आहे की यूईएफआयवर, म्हणजे चालू होताना सगळ्यात आधी मदरबोर्डवरचा जुना प्रोग्राम चालतो की नव्या पद्धतीचा. बायोसमध्ये डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर वाचला जातो, त्यात बूट कोडला फक्त ४४६ बाइट, म्हणून तो कोड नुसता पुढचा लोडर हुडकतो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपातला जुनाट पीसी बहुतेक याच जातीचा, तिथं पार्टिशन (डिस्कचा भाग) ॲक्टिव्ह, म्हणजे बूटसाठी खूण केलेलं, आहे का ते पहिलं बघावं. यूईएफआयमध्ये लोडर वेगळ्या फॅट३२ पद्धतीच्या पार्टिशनात असतो, त्यालाच ईएफआय पार्टिशन म्हणतात, विंडोजमध्ये साधारण १०० एमबीचं. नुसता सी ड्राईव्ह कॉपी केला की हे जुन्या डिस्कवरच राहतं, आणि ती डिस्क काढेपर्यंत पत्ताच लागत नाही कारण तोवर मशीन तिथूनच बूट होत असतं.

विंडोजला इन्स्टॉलेशनच्या पेनड्राईव्हवरून बूट करून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, डिस्कपार्ट या कमांडनं ईएफआय पार्टिशनला एखादं अक्षर द्यायचं आणि बीसीडीबूट या बूट फाईली बसवणाऱ्या कमांडला विंडोजचं फोल्डर नि ते अक्षर सांगायचं, फाईली नव्यानं बसतात. तिथं विंडोजचा ड्राईव्ह सी च असेल असं नाही, डिर (फाईलींची यादी दाखवणारी कमांड) मारून खात्री करा. बूटरेक या दुसऱ्या दुरुस्ती कमांडचं फिक्सबूट पुष्कळदा 'ॲक्सेस डिनाइड' म्हणतं, त्याच्या नादी लागू नये.

उबुंटूत (लिनक्सचा एक प्रकार) लाईव्ह पेनड्राईव्हवरून रूट पार्टिशन, म्हणजे सिस्टम असलेलं, माउंट करून (जोडून), यूईएफआय असेल तर ईएफआय पार्टिशनही, क्रूट कमांडनं त्या सिस्टमच्या आत जाऊन ग्रब-इन्स्टॉल आणि मग अपडेट-ग्रब; ग्रब म्हणजे लिनक्सचा बूट लोडर. फाईली कॉपी करून सिस्टम हलवली असेल तर एफएसटॅबमध्ये (कुठलं पार्टिशन कुठं जोडायचं त्याची फाईल) नवा यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा ओळख क्रमांक, टाकावा लागतो. क्लोन, म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल, केली असेल तर उलटं, दोन्ही डिस्कचा यूयूआयडी एकच, म्हणून जुनी काढूनच बूट करून बघायचं.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की हे सगळं करायच्या आधीच लिहून ठेवा, आणि नवी डिस्क एकटी नीट चालतीय हे दिसेपर्यंत जुनी पुसू नका.