घरामागचं सगळंच ‘काँग्रेस’ नव्हे

परभणी-जालन्याकडं मृगाचा पाऊस झाला की घरामागं हिरवं रान माजतं आणि जुनी माणसं ठरलेलं वाक्य बोलतात : ‘सगळं काँग्रेस गवत हाय, बहात्तरच्या दुष्काळात मिलोसंगं आलेलं.’

मिलो म्हणजे तेव्हा परदेशातून आलेली लाल ज्वारी. तिचं लवकर उरकतो. काँग्रेस गवत, म्हणजेच गाजरगवत, मूळचं अमेरिकेतलं, हे खरं. पण पुण्याहून त्याची नोंद १९५६ सालीच झाली, म्हणजे त्या दुष्काळाच्या १६ वर्षं आधी. परदेशी धान्यातून बी पसरायला मदत झाली असेल. पण बहात्तरच्या मिलोनं ते आणलं नाही.

खरी गफलत आहे ‘सगळं’ या शब्दात. जरा उकिडवं बसून बघा. तरोट्याची पानं सांजेला जोडीजोडीनं मिटतात. घोळीच्या बोंडाला डबीसारखं झाकण असतं. आघाड्याचं बी विजारीला चिकटून घरात येतं (गणपतीच्या पत्रीत मात्र तो हवाच). आणि केना! वर निळं फूल दिसतं, पण मुळासकट उपटला तर खाली पांढरट देठांवर मातीतच राहणारी, कधीच न उमलणारी फुलं सापडतात. तीही बी धरतात. म्हणून कितीही खुरपा, केना पुन्हा हजर.

गाजरगवताचं पान गाजराच्या पाल्यासारखं चिरलेलं, फुलं बारीक पांढरी. अंगाला खाज सुटते, म्हणून हातमोजे घालून फुलोऱ्याआधीच उपटा. केना राहू द्या. कोवळ्या पानांची भजी झकास होतात.