फुटण्याआधी तारा कोसळतो

१९ मे २०२३ रोजी जपानच्या कोइची इतागाकी यांना एम १०१ या सर्पिल दीर्घिकेच्या बाहूत एक नवा ठिपका दिसला. तो होता अतिनवतारा, म्हणजे फुटणारा तारा; नाव एसएन २०२३ आयएक्सएफ. अंतर सुमारे २ कोटी १० लाख प्रकाशवर्षे. जागा सप्तर्षीच्या शेपटाजवळची. विदर्भातले गोंड लोक सप्तर्षीच्या चार ताऱ्यांना खाट म्हणतात, मागचे तीन ती पळवायला आलेले चोर. त्या मे महिन्यात अंगणात बाज टाकून निजणाऱ्या गडचिरोली-यवतमाळच्या माणसांसमोर उत्तरेला हा स्फोट चालू होता. पाहायला लहानशी दुर्बीण पुरे होती.

तारा फुटला म्हणजे आत काहीतरी भडकलं, असा आपला समज असतो. घडतं ते उलट. आतलं इंधन संपतं.

गुरुत्वाकर्षण ताऱ्याला आत ओढतं, अणुकेंद्रांच्या मीलनातून येणारी आतली उष्णता बाहेर रेटते. सूर्याच्या २५ पट वस्तुमानाच्या ताऱ्याला हायड्रोजन सुमारे ७० लाख वर्षे पुरतो, कार्बन काही शतकं, ऑक्सिजन काही महिने आणि सिलिकॉन जेमतेम एक दिवस! सिलिकॉनपासून शेवटी लोखंड बनतं, आणि तिथे सगळं अडतं. लोखंडाच्या अणुकेंद्रांच्या मीलनातून ऊर्जा मिळत नाही, उलट खर्च होते. आता गाभा तोलून धरतो फक्त इलेक्ट्रॉनांचा दाब. गाभा सूर्याच्या साधारण १.४ पट झाला की तोही हरतो. ही मर्यादा खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यम चंद्रशेखर यांनी काढली. इलेक्ट्रॉन प्रोटॉनमध्ये घुसतात, न्यूट्रॉन बनतात, न्यूट्रिनो नावाचे, सहसा कशालाही न अडणारे सूक्ष्म कण सुटतात. ज्यांनी तोलून धरलं होतं तेच नाहीसे झाले! पृथ्वीएवढा गाभा सेकंदाच्या आत काही डझन किलोमीटरवर येतो. न्यूट्रॉनांची दाटी आणखी दबत नाही, म्हणून वरून कोसळणारा थर तिच्यावर आदळून उसळतो. त्यातून बाहेर निघालेली आघातलाट वाटेत थबकते. तिला पुन्हा बळ मिळतं ते बहुधा न्यूट्रिनोंच्या उष्णतेतून. एकूण ऊर्जेतला सुमारे ९९ टक्के वाटा न्यूट्रिनोच नेतात; डोळ्यांना दिसणारा झगमगाट एक टक्काही नसतो.

हे नुसतं गणित नाही. २३ फेब्रुवारी १९८७ला मोठ्या मॅगेलन मेघातल्या, म्हणजे आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतल्या, अतिनवताऱ्याचे दोनेक डझन न्यूट्रिनो जपान, अमेरिका आणि रशियातल्या शोधयंत्रांत सापडले, प्रकाश दिसण्याच्या काही तास आधी.

गडचिरोलीतल्या सूरजागडच्या डोंगरातलं लोहखनिज, आपल्या रक्तातलं लोह, सगळं वेगवेगळ्या ताऱ्यांच्या स्फोटांतून आलेलं. शनीची पीडा टळावी म्हणून घोड्याच्या नालेची अंगठी विकणाऱ्यांनी गरिबांचे पैसे घेणं थांबवावं. त्या लोखंडाचा शनीशी काडीचा संबंध नाही.

गाभ्यातलं लोखंड मात्र बाहेर येत नाही. ते न्यूट्रॉन ताऱ्यात किंवा कृष्णविवरात अडकतं. बाहेर फेकलं जातं ते आघातलाटेत बनलेलं निकेल-५६, निकेलचा न टिकणारा प्रकार. त्याचं अर्धं प्रमाण ६ दिवसांत कोबाल्ट-५६ होतं आणि कोबाल्टचं अर्धं ७७ दिवसांत लोखंड. १९८७च्या अतिनवताऱ्याचं तेज पुढे कित्येक महिने नेमकं याच ७७ दिवसांच्या हिशोबाने उतरत गेलं.